न दिसणारी अक्षरे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मी काही बोलावे असा निरोप आला तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपवण्यात आली होती. तालीम, शिस्त, संस्कार या विषयांवर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारी वडीलधारी मंडळी या व्यासपीठावर बसलेली आहेत. त्यांच्यासमोर मी मोठा विषय घेणे बरे नव्हे. म्हणून मी एक लहान विषय घेतला आहे. फोनवरून किंवा संगणकावरून आपण मजकूर उचलतो आणि दुसरीकडे चिकटवतो. त्या मजकुराबरोबर डोळ्यांना न दिसणारी काही अक्षरे येतात, आणि चित्रफितीवर नावे व ओळी घालताना ती घोटाळा करतात. त्या अक्षरांविषयी मी बोलणार आहे.

विषय ऐकून काही पालकांना वाटेल की याच्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो थोड्याच वेळात आपल्या ध्यानात येईल. या लहान विषयाच्या पोटात माझ्या हातून एका विद्यार्थ्यावर झालेला अन्याय आहे. तो मी त्याच्या वर्गात कबूल केला आहेच. परंतु ज्या सभागृहात त्याची मान खाली गेली, त्याच सभागृहात ती पुन्हा वर व्हावी, असे मला वाटते.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आपण सर्वांनी शाळेची चित्रफीत पाहिली. मुलांनी वर्षभर फोनवर टिपलेली दृश्ये संगणकावर जोडून ती तयार केली होती. तिच्यावरील अक्षरांची जबाबदारी माझ्याकडे होती. बक्षीसपात्र मुलांची नावे, वर्गशिक्षकांनी दिलेल्या ओळी, मुलांनी लिहिलेले निवेदन असा सारा मजकूर माझ्याकडे जमा झाला. काही फोनवरच्या संदेशातून आला, काही ई-मेलने, काही एका पीडीएफमधून, तर काही वेबपानावरून. मी तो एकेक करून उचलला आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला. एवढे टंकलेखन वाचले म्हणून मनातल्या मनात खूषही झालो.

रात्री चित्रफीत चालवून पाहिली, तेव्हा ती खुषी उतरली. दोन मुलांच्या नावांच्या मध्ये एकेक रिकामी चौकट उमटली होती. एका मुलीचे नाव व आडनाव दोन ओळींत नीट बसायला हवे होते. ते एकमेकांना असे चिकटून बसले होते की ओळ मोडता मोडेना. चित्रफितीच्या आरंभी नववीतील मुलीने केलेल्या स्वागताचे उपशीर्षक दिसतच नव्हते. पुढे दोन उपशीर्षके एकात मिसळून गेली होती. आणि सर्वात मनाला लागले ते हे की, अगदी पहिल्या चित्रावर जेथे बिस्मिल्लाह सुंदर अक्षरांत यायचे होते, तेथेही एक रिकामी चौकटच होती.

मी चौकशी केली. कळले की मजकुरात न दिसणारी अक्षरे शिरली आहेत, आणि ती एका फटक्यात झाडून काढण्याची सोय आहे. मी उपशीर्षके सोडून बाकीच्या साऱ्या मजकुरावर तो झाडू फिरवला. नावांतल्या चौकटी गेल्या. बिस्मिल्लाहच्या जागी चित्र बसवले. उपशीर्षके हाताने दुरुस्त केली. पहाटे चित्रफीत पूर्ण झाली आणि मी निश्चिंत झालो.

दुसऱ्या दिवशी आपण सारे या सभागृहात बसला होतात. चित्रफितीच्या शेवटी वसतिगृहाचे स्वयंपाकघर येते. आपले आचारीचाचा, त्यांचे दोन मदतनीस, मोठी पातेली, जेवायला बसलेल्या मुलांच्या रांगा, हे दृश्य आपल्याला आठवत असेल. त्या दृश्यावर आठवीतल्या एका मुलाने लिहिलेली ओळ यायची होती: ‘वसतिगृहाच्या आचाऱ्यांना आमचा सलाम’. हा मुलगा चाचांचा नातू. पडद्यावर ओळ उमटली ती अशी: ‘वसतिगृहाच्या आचार्यांना आमचा सलाम’. मागच्या रांगांत हशा पिकला. मुले मुख्याध्यापक साहेबांकडे पाहून टाळ्या वाजवू लागली. खांद्यावर पंचा टाकून दारात उभे असलेले चाचा क्षणभर थांबले आणि आत निघून गेले.

मी मराठीचा शिक्षक. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तो रागातच. ‘आचार्य’ म्हणजे गुरू आणि ‘आचारी’ म्हणजे स्वयंपाक करणारा. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक आपण फळ्यावर किती वेळा लिहिला, असे मी त्या मुलाला सर्वांसमोर विचारले. तो म्हणाला, “सर, मी बरोबरच लिहिलं होतं.” मी त्याला गप्प बसवले. उलट उत्तर देऊ नये, एवढे शिकवून मी तास संपवला.

संध्याकाळी घरी आल्यावर मन स्वस्थ राहीना. त्याने पाठवलेला मूळ संदेश उघडला. ‘आचाऱ्यांना’. शब्द अगदी शुद्ध होता. शुद्धलेखनाची चूक मुलाची नव्हती. ती माझ्या झाडूने केली होती.

आता हे घडले कसे, ते समजून घेऊ.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. जगातील बहुतेक लिप्यांसाठी एकच क्रमांकपद्धती असावी म्हणून युनिकोड नावाची पद्धत निघाली. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. या पद्धतीत आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, ‘र’चा २३५२ आहे, काना-मात्रांना आणि अक्षराचा पाय मोडण्याच्या चिन्हालाही स्वतंत्र क्रमांक आहेत. आपण दोन शब्दांमध्ये जी मोकळी जागा सोडतो तीही संगणकाच्या दृष्टीने मोकळी नसते. तिचा क्रमांक ३२.

ज्या वडीलधाऱ्यांनी जुना छापखाना पाहिला आहे त्यांना हे चटकन पटेल. खिळे जुळवताना दोन शब्दांमधली जागा तशीच सोडता येत नसे. तेथे शिशाचा एक तुकडा बसवावा लागे. तो अक्षराच्या खिळ्यापेक्षा बुटका असे, म्हणून त्याला शाई लागत नसे आणि कागदावर तो उमटत नसे. पण तो काढला तर सारी ओळ ढिली होई. युनिकोडमधील न दिसणारी अक्षरे म्हणजे असेच बुटके खिळे आहेत. दिसत नाहीत, पण जागेवर असतात आणि काम करतात.

आपल्या उर्दूच्या वाचकांना मी आणखी एक दाखला देतो. उर्दू लिहिताना आपण जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाही. तरी वाचणारा ते मनाने घालून वाचतो. म्हणजे तेथे जे लिहिलेले नाही ते वाचले जाते. येथे नेमके उलटे आहे. जे लिहिलेले आहे ते आपण वाचत नाही, संगणक मात्र वाचतो.

ही न दिसणारी अक्षरे पुष्कळ आहेत. आपल्या कामात वारंवार भेटणारी तेवढीच सांगतो.

पहिली चिकट जागा. हिचा क्रमांक १६०. ही साध्या मोकळ्या जागेसारखीच दिसते, पण तिच्या दोन्ही बाजूंचे शब्द एकाच ओळीत राहावेत म्हणून ती घातलेली असते. ‘१० किलो’ यातला आकडा एका ओळीत आणि ‘किलो’ दुसऱ्या ओळीत जाऊ नये, हा तिचा उपयोग. वेबपानांवर ती सर्रास असते. त्या मुलीचे नाव व आडनाव वेगळे होईना, ते हिच्यामुळे.

दुसरी शून्य रुंदीची जागा, क्रमांक ८२०३. हिचे काम पहिलीच्या उलट. लांबलचक शब्द गरज पडल्यास कोठे मोडावा, हे ती सांगते. तिला रुंदीच नाही, म्हणून ती कोठे आहे हे डोळ्यांना कळत नाही. नावांमधल्या रिकाम्या चौकटी हिच्याच होत्या.

तिसरी जोडी म्हणजे जोडक आणि विजोडक. जोडकाचा क्रमांक ८२०५, विजोडकाचा ८२०४. देवनागरीत जोडाक्षर कसे दिसावे, उर्दू-फारसीत दोन अक्षरे एकमेकांना जोडावीत की सुटी ठेवावीत, हे ती ठरवतात.

चौथी दिशादर्शक चिन्हे. मराठी डावीकडून उजवीकडे जाते, उर्दू उजवीकडून डावीकडे. एकाच ओळीत उर्दू नाव, इंग्रजी अक्षरे आणि साल असे सारे आले की क्रम कोणता, हे सांगण्यासाठी ८२०६ व ८२०७ ही चिन्हे आहेत. फोनमधल्या यादीतून एखादा दूरध्वनी क्रमांक उचलला तर त्याच्या आगेमागे ८२३४ आणि ८२३६ ही याच कुळातली चिन्हे कधी कधी येतात.

पाचवे, फाइलच्या अगदी आरंभी बसणारे चिन्ह, क्रमांक ६५२७९. ही फाइल युनिकोडची आहे अशी खूण म्हणून ते बसते.

याशिवाय ओळ तोडणारी काही चिन्हे आहेत. आपण ‘एंटर’ दाबतो ते एक, शब्दांच्या कार्यक्रमात ‘शिफ्ट’सह ‘एंटर’ दाबतो ते दुसरे, आणि ८२३२ क्रमांकाचे तिसरे. कागदावर तिन्हींचा परिणाम एकच दिसतो, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती वेगवेगळी वाटतात.

आता कोणी विचारील, फोनवर तर सारे नीट दिसत होते, मग चित्रफितीवरच का बिघडले? फोन व वेबपाने दाखवणारे कार्यक्रम तयार करणाऱ्यांनी या चिन्हांची दखल घेतलेली असते. ती दाखवायची नाहीत, फक्त त्यांचे सांगणे ऐकायचे, हे त्यांना शिकवलेले असते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचे मुख्य काम चित्र आणि आवाज यांचे. अक्षरे काढणारा त्यांचा भाग प्रत्येक वेळी तेवढा तयारीचा असतोच असे नाही. तो दिलेला क्रमांक घेतो आणि निवडलेल्या फाँटमध्ये त्याचे रूप शोधतो. रूप नसेल तर ‘अक्षर सापडले नाही’ या अर्थाची रिकामी चौकट काढून मोकळा होतो. बिस्मिल्लाहच्या जागी हेच झाले. ती सारी ओळ युनिकोडमध्ये एकाच चिन्हात बांधलेली आहे, क्रमांक ६५०२१. संदेशांतून आपण ते चिन्ह सहज पाठवतो. पण मी निवडलेल्या मराठी फाँटमध्ये ते नव्हते. पवित्र शब्दांच्या जागी चौकट उमटावी, याचे वाईट वाटते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे ते शब्द टंकित न करता चांगल्या हस्ताक्षराचे चित्र तेथे बसवणे.

उपशीर्षकांची गोष्ट निराळी आहे. उपशीर्षकांची साधी फाइल असते. तिच्यात आधी अनुक्रमांक, खालच्या ओळीत कोठपासून कोठपर्यंत ती वेळ, त्याखाली मजकूर, आणि मग एक रिकामी ओळ. रिकामी ओळ आली की एक उपशीर्षक संपले, असे सॉफ्टवेअर समजते. त्या ओळीत चिकट जागा पडून राहिली तर आपल्याला ती रिकामी दिसते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती रिकामी नसते. मग दोन उपशीर्षके एकमेकांत मिसळू शकतात. आरंभीचे ६५२७९ हे चिन्ह पहिल्या अनुक्रमांकाला चिकटून बसते, आणि ते न ओळखणारे सॉफ्टवेअर पहिले उपशीर्षकच वगळते. आमच्या मुलीचे स्वागत गेले ते तेथे. वेळेचे आकडेही इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात. मराठी अंक दिसायला कितीही नेटके असले तरी तेथे चालत नाहीत.

फाइलच्या नावांचेही तसेच. वेबपानावरून उचललेले नाव फाइलला दिले आणि त्यात न दिसणारे अक्षर राहिले, तर पुढे तेच नाव हाताने टंकून शोधणाऱ्याला फाइल सापडत नाही. दोन नावे अक्षरशः सारखी दिसतात, आणि संगणक मात्र ‘अशी फाइल नाही’ म्हणतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ‘आचाऱ्यांना’ मधले जोडाक्षर संगणकात दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक २३५३, त्यानंतर पाय मोडण्याचे चिन्ह आणि मग ‘य’. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह, त्यानंतर न दिसणारा जोडक ८२०५ आणि मग ‘य’. दोन्ही रीती मान्य आहेत आणि दिसायला सारख्याच. त्या मुलाच्या फोनवरील कळफलकाने दुसरी रीत वापरली होती. मी झाडू फिरवला तेव्हा कचऱ्याबरोबर जोडकही गेला. उरला साधा ‘र’ आणि ‘य’, म्हणजे ‘र्य’. आचाऱ्यांचे आचार्य झाले. अशाच रीतीने सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ लिहिल्या असतील तर त्यांचा ‘दर्या’ होतो. डोंगरातली खोल जागा पुसली जाते आणि तिथे समुद्र येतो.

म्हणून मित्रहो, मला जी गोष्ट सांगायची आहे ती ही की, जे दिसत नाही ते सारे कचरा नव्हे. त्यातले काही चुकून आलेले असते, ते काढलेच पाहिजे. काही मात्र शब्द धरून ठेवण्यासाठीच असते. ते काढले तर शब्दाचा अर्थ जातो. कोणते कोणते आहे हे पाहिल्याशिवाय झाडू हातात घेऊ नये.

आपल्या नावांच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. ‘रज़िया’ या नावातला नुक्ता असलेला ‘ज़’ पाहा. तो एकाच क्रमांकात, म्हणजे २३९५ मध्ये, लिहिता येतो. किंवा ‘ज’ २३३२ आणि नुक्ता २३६४ असा दोन क्रमांकांत लिहिता येतो. डोळ्यांना नाव एकच; पण क्रमांकच ताडून पाहणाऱ्या संगणकाला ती दोन वेगळ्या मुलींची नावे वाटतात. उर्दूतही अरबी पद्धतीचा काफ आणि उर्दूचा काफ यांचे क्रमांक वेगवेगळे आहेत. अरबी ‘ये’ आणि उर्दूच्या ‘ये’चेही तसेच. शब्दाच्या मध्ये आल्यावर त्यांतला फरक नजरेला सहसा कळत नाही. बक्षीसपात्र मुलांची यादी एका कळफलकावर टंकली आणि दुसऱ्या कळफलकावरून शोधली तर मूल यादीत असूनही सापडत नाही.

आता उपाय सांगतो. ज्या मुलांना चित्रफिती करण्याची आवड आहे त्यांनी हे लिहून घ्यावे.

एक, माणसांची नावे शक्यतो उचलून चिकटवू नका, स्वतः टंका. शंभर नावे टंकायला तास-दीड तास लागेल, पण प्रत्येक नाव तुमच्या डोळ्यांखालून जाईल.

दोन, संशय आला तर नावाच्या आरंभी कर्सर ठेवा आणि बाणाची कळ एकेकदा दाबत पुढे जा. कळ दाबूनही कर्सर जागचा हलला नाही, तर तेथे न दिसणारे अक्षर असण्याचा संभव आहे. जोडक मात्र या परीक्षेत बहुधा सापडत नाही, कारण तो शेजारच्या अक्षरातच सामावलेला असतो.

तीन, एक गैरसमज दूर करा. मजकूर आधी नोटपॅडमध्ये चिकटवला की तो स्वच्छ होतो, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत होते. नोटपॅडमध्ये ठळकपणा, रंग, फाँट हे निघून जाते हे खरे. पण न दिसणारी अक्षरे जशीच्या तशी राहतात. फाइल साठवताना युनिकोडची यूटीएफ-८ ही पद्धत निवडा. ‘एएनएसआय’ निवडली तर मराठीची प्रश्नचिन्हे होतात. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ निवडली की आरंभीचे ते ६५२७९ चिन्ह आपोआप बसत असे. २०१९ पासूनच्या नोटपॅडमध्ये ते चिन्ह असलेली आणि नसलेली अशा दोन्ही सोयी आहेत. उपशीर्षकांसाठी नसलेली निवडा.

चार, नावांची यादी एक्सेलमध्ये असेल तर ‘लेन’ या सूत्राने अक्षरे मोजता येतात. ‘सलमा’ या नावात स, ल, म आणि काना असे चार क्रमांक आहेत. उत्तर पाच आले तर पाचवे कोण, हे विचारा. ‘युनिकोड’ या सूत्राने एकेका अक्षराचा क्रमांकही कळतो. एक्सेलमधील ‘ट्रिम’ आणि ‘क्लीन’ या सूत्रांवर मात्र भिस्त ठेवू नका. ‘ट्रिम’ फक्त ३२ क्रमांकाच्या साध्या जागा आवरते, १६०ला हात लावत नाही. ‘क्लीन’ ० ते ३१ एवढेच क्रमांक काढते.

पाच, काढायचे ते एकेका क्रमांकाने काढा. १६० असेल तर त्या जागी साधी मोकळी जागा घाला. ८२०३ काढून टाका. ८२०५ आणि ८२०४ यांना मराठी किंवा उर्दू मजकुरात हात लावू नका. दिशेची चिन्हे असतील तर त्या ओळीत उर्दू आहे का, हे पाहून मग ठरवा.

सहा, आणि सर्वांत महत्त्वाचे: चित्रफीत कायमची तयार करण्यापूर्वी ज्याने ओळ लिहिली त्याला ती पडद्यावर वाचायला बोलवा. वेबपानावरची चूक मागाहून सुधारता येते. चित्रफीत एकदा बाहेर काढली की अक्षरे चित्रात मुरतात. चूक आढळली तर ती पुन्हा नव्याने तयार करावी लागते, आणि घरोघरच्या फोनवर पोचलेली जुनी प्रत परत मागवता येत नाही. मी जर त्या रात्री आठवीतल्या त्या मुलाला ओळ दाखवली असती, तर एका नजरेत काम झाले असते.

पालकांनाही दोन शब्द सांगतो. मुलांचे शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे अर्ज आता संगणकावर भरावे लागतात. नाव, ई-मेलचा पत्ता, बँकेच्या खात्याचा क्रमांक हे सारे आपण एखाद्या संदेशातून उचलून तेथे चिकटवतो. शेवटी न दिसणारी एक जागा चिकटून आली तर ‘माहिती चुकीची आहे’ असे उत्तर येऊ शकते, आणि आपण मुलावर ओरडतो की तुला नीट बघून लिहिता येत नाही. अशा वेळी रागावण्याआधी ती जागा पूर्ण पुसा आणि माहिती हाताने टंका. तेवढ्याने काम झाले तर मुलाची काही चूक नव्हती, असे समजा. भरलेल्या अर्जावरचे नाव दाखल्यावरील नावाशी अक्षर अक्षर ताडून पाहा. संगणक येत नसला तरी हे काम कोणत्याही पालकाला करता येईल.

माझ्या हातून झालेल्या चुकीचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. दुसऱ्याच दिवशी मी आठवीच्या वर्गात गेलो आणि त्या मुलाला सर्वांसमोर सांगितले की तुझे बरोबर होते आणि माझे चुकले. फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, आणि जोडक काढला की काय होते ते संगणकावर मुलांना दाखवले. तो मुलगा काही बोलला नाही. मात्र तास संपल्यावर फळा पुसायला तोच पुढे आला, आणि ‘आचाऱ्यांना’ हा शब्द तेवढा राहू दिला.

त्या आठवड्यात आम्ही चित्रफीत नव्याने तयार केली आणि वसतिगृहाच्या भोजनगृहात मुलांना पुन्हा दाखवली. यावेळी ओळ तपासायला चाचांचा नातूच बसला होता. ओळ उमटली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि या वेळी साऱ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या होत्या. चाचांनी ओळ वाचली, पंचाने तोंड पुसले आणि म्हणाले, “रस्सा निवतोय. आधी पोरांना जेवू द्या.”

बंधू-भगिनींनो, संस्था चालते ती व्यासपीठावर दिसणाऱ्या माणसांमुळे, तशीच न दिसणाऱ्या माणसांमुळे. पहाटे चार वाजता चूल पेटवणारा, वर्ग उघडण्याआधी अंगण झाडणारी, रात्री फाटकावर बसणारा, हे आपल्या छायाचित्रांत क्वचितच येतात. पण त्यांना काढले तर आपल्या शाळेचा शब्दच बदलून जाईल. ही गोष्ट मला ८२०५ क्रमांकाच्या एका चिन्हाने शिकवली. ती शिकताना एका मुलाला उगाच बोलणी खावी लागली, याचा खेद मला आहे. तो मुलगा आज समोर बसला आहे. त्याचे म्हणणे खरे होते, हे मी आपणा सर्वांच्या साक्षीने पुन्हा एकदा सांगतो.